'विल' बाजूला ठेवा, 'जाऊन येते' आठवा

तर आज भविष्यकाळ. उद्याचे, पुढच्या महिन्याचे प्लॅन कोरियनमध्ये कसे सांगायचे ते बघू. आपण सगळे इंग्लिश पुस्तकांतून, इंग्लिश व्हिडिओंतून कोरियन शिकतोय, आणि तिथे सांगतात की क्रियापदाला 'ल' जोडा, पुढे 'क्कॉयेयो' लावा, झालं 'विल'. इंग्लिश बोलणारा मग तेच सगळीकडे लावत सुटतो.

मीही लावलं. सोलमध्ये राहायचे तेव्हा घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, अंडी संपली गं. मी लगेच म्हटलं, 'साओल क्कॉयेयो', म्हणजे विकत आणणार आहे. बाई थांबल्या, म्हणाल्या, तू आधीच आणणार होतीस का? मला कळेचना काय चुकलं, कारण इंग्लिशमध्ये 'आय विल बाय' बरोबरच होतं ना! मग त्यांनीच सांगितलं, 'साओल्केयो' म्हण. आता हे मराठीत करून बघा. आई म्हणते अंडी संपली, आपण काय म्हणतो? 'आणणार आहे' म्हणतो का? नाही, 'आणते हं' म्हणतो. त्या 'हं'मध्ये जे आहे ना, तुझं ऐकलं, तुझ्यासाठी आत्ता ठरवलं, ते सगळं 'ल्केयो'मध्ये आहे. म्हणून ते फक्त स्वतःबद्दल वापरायचं, भाऊ आणेल असं सांगायला ते चालत नाही. कोरियन लिपीत लिहिताना मात्र ह्यातल्या 'के'ला साधा 'ग' येतो, उच्चार 'क्क' असला तरी, 1988 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तसं ठरवलंय. हल्ली दुकानांत, दवाखान्यांत 'इकडे ओसिल्केयो' म्हणजे 'इकडे या' असं ऐकू येतं, ते व्याकरणात बसत नाही, ते उचलू नका.

'क्कॉयेयो' उलगडून बघा, फार सुंदर आहे. 'काल साराम' म्हणजे जाणारा माणूस. तोच 'काल' घ्या, पुढे 'कॉ' म्हणजे गोष्ट, आणि 'येयो' म्हणजे आहे. काल क्कॉयेयो. आपलं 'जाणार आहे' असंच तर बनलंय, 'जाणारा'मधलं 'जाणार' आणि पुढे 'आहे'! इंग्लिशवाल्याला हे पाठ करावं लागतं, आपल्याला नुसतं ओळखायचंय. दुसऱ्याबद्दल बोलताना ह्याचाच अर्थ 'जाईल बहुतेक' असा अंदाजाचाही होतो.

अजून एक, प्लॅन पक्का असेल तर साधा वर्तमानकाळ पुरतो. 'नेइल कायो', उद्या जातेय. घाबरू नका, चूक नाहीये ती. आणि ठरवून टाकलं असेल तर चक्क भूतकाळ, 'कागिरो हेस्सॉयो', जायचं ठरवलं, जाणं पुढच्या वर्षी का असेना. नुसता बेत असेल तर 'कार्यॉगो हेयो', आणि अजून डळमळीत, जावं का असं मनात घोळत असेल तर 'काल्का हेयो'. स्टेशनवरच्या अनाउन्समेंटमध्ये, ऑफिसच्या नोटिशीत 'येजॉंग' म्हणजे 'नियोजित' येतं, घरात ते फार कडक वाटतं.

राहिलं 'गेस्स', क्रियापदाला जोडायचा अजून एक प्रत्यय. हवामानाच्या बातम्यांत 'उद्या पाऊस पडेल' ते ह्यानेच सांगतात, पिगा ओगेस्सुम्निदा. पण जेवायला बसताना जे म्हणतात, 'चाल मॉक्केस्सुम्निदा', त्यातही हेच आहे, आणि तिथे इंग्लिशचं 'आय विल ईट वेल' इतकं विचित्र वाटतं की शिकणारा गोंधळतो, कारण तो अंदाज नाही, प्लॅनही नाही, समोरच्याने वाढलेल्या अन्नाचा मान आहे.

घरातून निघताना काय म्हणतात माहितीये? तान्यॉओगेस्सुम्निदा. 'तान्यॉ' म्हणजे जाऊन, 'ओ' म्हणजे येणं. 'जाऊन येते'! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला माझी आजी आठवली, 'जाते' म्हटलं की रागवायची, 'येते' म्हणायला लावायची. सोलमधल्या घरात मी रोज सकाळी बूट घालताना हे म्हणायचे, आणि आतून बाईंचा आवाज यायचा, चाल तान्यॉवा, म्हणजे नीट जाऊन ये.