वेबर्नचं तळं आणि जमिनीखालचा वायू

नमस्कार श्रोतेहो. जड कच्चं तेल मधासारखं घट्ट असतं, खडकाच्या बारीक छिद्रांतून ते पुढे सरकत नाही. दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड मुरवला की ते फुगतं, पातळ होतं आणि विहिरीकडे वाहू लागतं. तुर्कस्तानात बाती रमान इथे १९८६पासून हे केलं जातंय. पण तिथला वायू जमिनीखालीच सापडलेला, म्हणजे ती नुसती जागाबदल झाली. हवेत जाणारा वायू जमिनीखाली कोंडून ठेवणं, म्हणजे साठवण म्हणायची तर तो कारखान्यात पकडलेला हवा. पुन्हा सांगतो, पकडलेला हवा.

कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न नावाचं तेलक्षेत्र आहे. तेल मध्यम जातीचं, पण वायू पकडलेला. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यातून तो सुमारे ३२० किलोमीटर नळातून येतो आणि २०००पासून सुमारे १४०० मीटर खोल सोडला जातो.

२०११च्या जानेवारीत तिथल्या एका शेतकरी जोडप्याने जाहीरपणे सांगितलं, की आमच्या शेतातल्या तळ्यात बुडबुडे येतात, जनावरं मरून पडलेली सापडतात. मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ११ टक्क्यांपर्यंत भरला होता. बाहेरच्या हवेत तो एक टक्काही नसतो, त्यामुळे ती माणसं घाबरली यात नवल नाही. त्यांनी नेमलेल्या तपासनिसांनी त्या वायूतल्या कार्बन-१३चं, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं प्रमाण पाहिलं, ते सोडलेल्या वायूशी जुळलं, आणि गळतीची बातमी जगभर गेली.

घोळ इथेच होता. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडंच. म्हणून कोळशातला वायू आणि आजच्या मुळांचा, जिवाणूंचा श्वास कार्बन-१३च्या मापात सारखेच दिसू शकतात. मग कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार मोजला. तो ५७३० वर्षांत निम्मा होतो, कोट्यवधी वर्षांच्या कोळशात उरतच नाही. शेतातल्या वायूत तो भरपूर निघाला! म्हणजे वायू ताजा होता. दुसरी खूण ऑक्सिजनची. कार्बन डायऑक्साइड जितका वाढला होता, त्या हिशेबाने ऑक्सिजन घटला होता. हा श्वासाचा हिशेब. खालून वायू घुसला असता तर त्याने नायट्रोजनलाही ढकलून कमी केलं असतं. मातीच श्वास घेत होती.

माझं ठाम मत आहे, की वायूचा पहिला थेंब सोडण्याआधी निदान वर्षभर, सगळ्या ऋतूंत, मातीतला वायू मोजून ठेवावा. ती वही शेतकऱ्याच्या हातात द्यावी, त्याला विचारत फिरायला लावू नये. बातमीच्या खुलाशालाही बातमीइतकीच जागा मिळायला हवी, मग विषय कोणताही असो.

गळतीची खरी भीती जुन्या, बंद केलेल्या तेलविहिरींची. लक्षात ठेवा, जुन्या विहिरींची. ओलसर कार्बन डायऑक्साइड आम्ल होऊन पोलाद खातो, म्हणून नळात घालण्याआधी तो कोरडा करतात. जुन्या विहिरीत तसं करता येत नाही, तिथे पाणी असतंच. ती पुन्हा उघडायची, पोलादी नळामागचं सिमेंट तपासायचं, आणि वरच्या अभेद्य थराच्या पातळीला नवं सिमेंटचं बूच भरून दाबाने पारखायचं. हे वायू सोडण्याआधी, एकेका विहिरीचं.