हिरवा दिवा, चुकलेली बेरीज

पडद्यावर सगळं हिरवं आहे. इलास्टिकसर्च या सर्च इंजिनातला ट्रान्सफॉर्म, म्हणजे नोंदींच्या बेरजा करून ठेवणारं काम, चालू आहे. शोधताना झालेल्या चुका शून्य, लिहिताना झालेल्या शून्य. आणि तरी बेरीज मूळ नोंदींशी जुळत नाही.

लाल चूक आली असती तर बरं झालं असतं. ती निदान कारण तरी सांगते: अमुक फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, टेक्स्ट प्रकारचं आहे, त्यावर गट पाडता येत नाही. मजकूर जसाच्या तसा ठेवणारं कीवर्ड फील्ड द्या, मोकळे व्हा. इथे कोणाची तक्रारच नाही.

शाय बॅनन यांनी २०१० मध्ये आणलेल्या या सर्च इंजिनात ट्रान्सफॉर्म आला २०१९ मध्ये, ७.२ या आवृत्तीत. सुट्या नोंदी घ्यायच्या, तासागणिक बेरीज करून दुसऱ्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, ठेवायची, एवढंच त्याचं काम. सतत चालणारा ट्रान्सफॉर्म दर फेरीला एक खूण करून ठेवतो, चेकपॉइंट. पुढच्या फेरीत त्या खुणेनंतरच्याच वेळा बघतो. उशिरा येणाऱ्या नोंदींसाठी सवलत, वेगळं काही सांगितलं नाही तर, ६० सेकंदांची.

[दृश्य: घाटातलं वळण, तिकीट मशीनवर रेंज गेल्याची खूण]

समजा, कंडक्टरने १०:५८ ला तिकीट दिलं. रेंज नाही. नोंद सर्व्हरवर पोचली ११:१० ला, अंगावर वेळ मात्र १०:५८ चीच. दहा ते अकराचा हिशोब तर ११:०१ ला मिटला. तिकीट मूळ इंडेक्समध्ये आहे, बेरजेत नाही.

माग इथूनच काढायचा. दोन्ही इंडेक्समधले तासातासाचे आकडे शेजारी मांडा. १०:२० चं तिकीट पंधरा मिनिटं उशिरा येऊनही मोजलं गेलंय, कारण तास अजून उघडा होता. गळती आहे ती तास सरता सरता.

पत्रावर आपण घातलेली तारीख वेगळी, टपालाचा शिक्का वेगळा. ट्रान्सफॉर्मला हा शिक्का दाखवायला हवा. इन्जेस्ट पाइपलाइनमध्ये, म्हणजे नोंद साठवण्याआधीच्या टप्प्यात, प्रत्येक नोंदीवर पोचल्याची वेळ टाकायची आणि नवं काय आलं ते ओळखायचं सिंक फील्ड म्हणून तीच द्यायची. गट मात्र तिकिटाच्या वेळेनेच पाडायचे. सवलतीची मुदत वाढवूनही थोडंफार भागतं. पण घाटात किती वेळ रेंज नसेल, हे कोण सांगणार?

मागची भोकं आपोआप बुजत नाहीत. आधी जुन्या नोंदींवरही शिक्का मारायचा, मग ट्रान्सफॉर्म रीसेट करायचा. जपून. त्याने स्वतः तयार केलेला बेरजांचा इंडेक्सही रीसेटमध्ये पुसला जातो. जागा वाचवायला मूळ नोंदी आधीच काढून टाकल्या असतील, तर त्या बेरजा पुन्हा निघणार नाहीत. आधी त्यांची प्रत काढून ठेवा.