पूर ओसरल्यावर

सलाम मंडळी.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, या शुक्रवारसाठी पाळकसाहेबांनी विषय दिला, ‘देवाची आज्ञा आणि पापाचा परिणाम’. घरी सांगितलं, तर हिने विचारलं, ‘तुम्ही बोलणार यावर?’ तिला मी चांगला ठाऊक आहे.

सुरुवात आपल्या सांगलीतूनच करू. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. इथल्या पोरासोरांनाही हे पाठ आहे. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण काय म्हणालो? २००५ ला पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, आता त्याच्या वर कसलं येतंय! आणि कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली. हा पूर म्हणजे कुणाच्या पापाची शिक्षा होती, असं मी म्हणत नाही. शिलोहातला बुरूज पडून १८ जण मेले, ते काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते का, असं विचारून प्रभू येशूनेच ती चर्चा मिटवली आहे. मला फक्त पुलाजवळची ती फुटांची पट्टी हवी आहे.

दावीद राजाचं पाणी कसं चढलं बघा. बायबलातलं दुसरं शमुवेल, ११ वा अध्याय. राजांनी लढाईला निघायचे ते दिवस, आणि हा यरुशलेमेतच राहिला. चला, राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना अंघोळ करणारी बाई दिसली. दिसली. मग ती कोण, याची चौकशी केली. उत्तर आलं, ती उरीयाची बायको आहे. मंडळी, हे ४० फूट. राजाला तोंडावर सांगितलं गेलं की ती दुसऱ्याची बायको आहे. इथून जिना उतरून खाली जाता आलं असतं. पुढच्याच वचनात माणसं तिला आणायला गेली.

त्या अध्यायात निष्ठेने वागणारा माणूस म्हणजे उरीया, आणि तो इस्राएलीही नाही, हित्ती. ती बाई गरोदर राहिली, तेव्हा आपलं पाप झाकायला दाविदाने त्याला लढाईवरून बोलावून घेतलं, घरी जा म्हटलं. तो वाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. म्हणाला, देवाचा कोश, म्हणजे आज्ञांची पेटी, तंबूत, सोबती उघड्या माळावर, आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा? दुसऱ्या दिवशी दारू पाजून पाहिली, तरी गेला नाही. शेवटी स्वतःच्या मरणाची चिठ्ठी स्वतःच सेनापती यवाबाकडे घेऊन गेला. आज्ञा पाळली की सगळं सुखरूप होतं, असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला उरीयाबद्दल विचारा.

मग नाथान संदेष्टा आला. ‘मी पाप केलं आहे,’ एवढं दावीद म्हणाला आणि त्याच वचनात क्षमा मिळाली. एका ओळीचंही अंतर नाही. पण त्याच नाथानाने आधी सांगून ठेवलं होतं, तलवार तुझ्या घरातून हलणार नाही. पाणी आपल्या वेळेने उतरतं. गाळ काढायला किती दिवस लागतात, ते गावभागातल्या माणसाला विचारा.

दाविदाच्या घरातला गाळ पुढच्याच अध्यायात आहे. अम्नोनाने सावत्र बहिणीवर, तामारेवर, बळजबरी केली. दावीद फार संतापला, असं लिहिलंय. पुढे काय? काही नाही. बापाने मुलाला जाब विचारल्याचं कुठेच नाही. का नसेल विचारला? हे शास्त्रात नाही, माझं मत आहे, पण मला वाटतं त्याला बोलायला तोंडच उरलं नव्हतं. मग न्याय तामारेच्या सख्ख्या भावाने, अबशालोमाने केला, दोन वर्षं थांबून, अम्नोनाला मेजवानीला बोलावून, ठार मारून.

माझं सांगतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. एका शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत दोन पोत्यांचं वजन मी कमी धरलं. मालकांना पत्ताही नव्हता, फरक माझ्या खिशात गेला. वर्षभराने देवापुढे रडलो आणि पैसे घेऊन त्याच्या गावी गेलो. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय चौपट देतो म्हणाला होता, माझ्याच्याने दुप्पटच झाले. त्याने मोजून घेतले, चहा पाजला. म्हणाला, ‘राग न्हाई बघा. पण माल आता दुसरीकडं लावतोय.’ पुढे थोरल्याने कॉलेजात खोटी पावती दाखवून घरून पैसे उकळले, तेव्हा मी ओरडायला उठलो आणि परत खाली बसलो. त्याला हळदीचं ठाऊक होतं.

शेवटचं एक, मग चहा आहे. मत्तयाचं शुभवर्तमान, पहिला अध्याय, प्रभूची वंशावळ. तामार आहे (ही वेगळी, यहूदाची सून), राहाब आहे, रूथ आहे, सगळ्या नावानिशी. दाविदाच्या मुलाच्या, शलमोनाच्या आईचं नाव मात्र नाही. तिथे लिहिलंय, जी उरीयाची बायको होती तिच्यापासून. मधे हजारएक वर्षं गेली होती, दाविदाला क्षमा केव्हाच मिळाली होती, त्याच घराण्यात तारणारा जन्मला होता. तरी मत्तयाने उरीयाचं नाव गाळलं नाही. सहावं वचन आहे, घरी गेल्यावर काढून बघा.