अभ्यास मंडळाच्या टेबलावर मुलांच्या वह्या

आपण सगळे अध्यापकाचार्य, म्हणजे शिक्षक घडवणारे प्राध्यापक आहोत, म्हणून थेट मुद्द्याचं बोलतो. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची फेररचना करायची ठरली की विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक लागते. दोन घटक गळतात, तीन नवे येतात, श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बेरीज जुळवली जाते. शाळेतलं मूल त्या चर्चेत कुठेच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. तिसरीतली मुलगी ५२ वजा १७ करते आणि उत्तर लिहिते ४५. छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, फुली मारतो आणि ‘हातचा विसरलीस’ म्हणतो. पण ती काही विसरलेली नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिनं ७ मधून २ काढले. दशकाच्या घरात ५ मधून १ काढला. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा तिचा नियम पक्का आहे, आणि तो तिला पहिलीत आपणच तयार केलेल्या शिक्षकानं दिला आहे! हे ओळखायला गणित यावं लागतं, मुलं विचार कसा करतात ते ठाऊक असावं लागतं, आणि दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवणंही सुचावं लागतं. आपण मात्र या तीन गोष्टी तीन पेपरांत वाटून टाकल्या. त्या जुळवायचं काम कोवळ्या छात्राध्यापकावर सोडलं. मला हे अन्यायाचं वाटतं.

कोठारी आयोगानं (१९६४–६६) शिक्षक-प्रशिक्षण शाळांपासून तुटलेलं आहे, असं स्पष्ट नोंदवलं होतं. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं केलं, आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, किमान २० आठवड्यांची केली. मुदत वाढली, हे फार चांगलं झालं. पण ते आठवडे पाठटाचणांच्या (पाठाच्या लेखी आराखड्यांच्या) फाइली भरण्यात आणि सह्या गोळा करण्यात जाणार असतील तर काय उपयोग? माझी सूचना अशी: अध्यापन पद्धतीच्या पेपरातल्या निम्म्या तासिका मुलांच्या खऱ्या वह्यांवर घ्या. चूक का झाली, उद्या काय करायचं, हे छात्राध्यापकानं लिहावं आणि शाळेतल्या अनुभवी शिक्षकानं त्याला गुण द्यावेत. त्या शिक्षकाला अभ्यास मंडळावरही घ्या, नुसता निमंत्रित म्हणून नव्हे.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. इयत्ता पाच, शिक्षक दोन. म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता आल्याच. आपलं टाचण मात्र अजून एक इयत्ता, एक घटक, एक तासिका असंच आहे. दुसरीला गोष्ट सांगताना तिसरीची मुलं काय करतील, याला त्यात रकानाच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं चार वर्षांच्या एकात्मिक (पदवी आणि बी.एड. एकत्र) अभ्यासक्रमाची दिशा दिली आहे, नवे अभ्यासक्रम आत्ताच लिहिले जात आहेत, तर हा रकाना आत्ताच घाला. त्याचा सराव शहरातल्या मोठ्या शाळेत होणार नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा सराव शाळांच्या यादीत घ्याव्या लागतील. त्या दूर आहेत, एसटी दिवसातून एकदोनदाच जाते. छात्राध्यापकांच्या जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च महाविद्यालयानं आपल्या अंदाजपत्रकात धरावा.