वर्नलचे हॅच: नावाड्यांचं एक घराणं

[पडद्यावर: लाल कड्यांच्या मधून वाहणारी नदी. फक्त पाण्याचा आवाज.]

ही गोष्ट सुरू होते एका तुरुंगात.

अमेरिकेच्या युटा राज्यात, ईशान्येच्या कोपऱ्यात वर्नल नावाचं छोटं गाव आहे. 1930 च्या आसपासचा काळ. गावच्या तुरुंगात पार्ली गॅलोवे नावाचा माणूस बंद आहे. घरच्यांच्या पोटगीचे पैसे थकवले म्हणून त्याला आत टाकलंय. त्याच्यावर पहारा करणाऱ्या पोलिसाचं नाव फ्रँक स्वेन. दिवसभर काम काय, तर गप्पा. आणि पार्लीकडे सांगण्यासारखं एकच होतं: नदी.

त्याचे वडील नॅथॅनियल गॅलोवे फासे लावून प्राण्यांची शिकार करायचे. त्या कामासाठी ग्रीन नदीच्या घळीत ते एकटे होडी घेऊन उतरत, आणि त्यातूनच त्यांनी वल्हवण्याची एक नवी रीत शोधून काढली होती. पार्ली ती रीत सांगत राहिला, फ्रँक ऐकत राहिला. मला सोडवा, मी तुम्हाला होडी बांधायला शिकवतो आणि नदीवर घेऊन जातो, असं त्यानं कबूल केलं. जामीन झाला. पार्ली बाहेर पडला आणि गावातून जो नाहीसा झाला, तो पुन्हा आलाच नाही.

मागे राहिलं ते त्यानं सांगितलेलं होडीचं वर्णन. फ्रँकनं ते आपल्या नातलगाला सांगितलं. तो नातलग म्हणजे रॉबर्ट हॅच. सगळं गाव त्यांना ‘बस’ म्हणायचं. बस हॅच पेशानं सुतार होते, घरं बांधायचे. ऐकलेल्या शब्दांवरून लाकूड कापायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भाऊ मदतीला आले. होडी तयार झाली.

[पडद्यावर: लाकडी होडीचा सपाट तळ, दोन्ही टोकांना उचललेला. त्यावरून फिरणारा हात.]

इथे जरा थांबतो, कारण या घराण्याची सगळी विद्या या होडीत आहे.

1869 साली संशोधक जॉन वेस्ली पॉवेल चार होड्या घेऊन याच नदीवर उतरले होते. त्यांची माणसं नेहमीच्या होडीसारखीच वल्ही मारत, म्हणजे पाठ पुढे आणि तोंड मागे. सरोवरात ते चालतं. पण समोर खडक असताना त्याच्याकडे पाठ करून बसायचं, आणि वर वेग वाढवायचा! लोडोर घळीत त्यांची एक होडी फुटली. त्या जागेला आजही ‘डिझास्टर फॉल्स’ म्हणतात.

गॅलोवेंनी होडी फिरवली. नावाडी प्रवाहाकडे तोंड करून बसला आणि वल्ही उलटी ओढू लागला, वरच्या अंगाला. त्यामुळे होडी पाण्यापेक्षा हळू चालते. दोन खडकांच्या मध्ये विचार करायला वेळ मिळतो. होडी जरा तिरकी धरली की प्रवाहच तिला एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकवतो, नावाड्याला फक्त कोन सांभाळायचा असतो. तळ सपाट आणि टोकं उचललेली असल्यामुळे होडी जागच्या जागी वळते. एवढंच. प्रवाहाशी झुंजायचं नाही, त्याच्यापेक्षा हळू जायचं.

सांगायला सोपं आहे. हाताला यायला हॅच बंधूंना कितीतरी वेळा उलटून पाण्यात पडावं लागलं. पण 1934 साली बस हॅच ग्रँड कॅन्यन उतरून गेले. त्या वर्षी दुष्काळ होता, कोलोरॅडो नदीला इतकं कमी पाणी होतं की खडकांचे दात उघडे पडले होते. दोनच वर्षांनी त्यांच्या चमूनं आयडाहोतल्या सॅमन नदीची मिडल फोर्क ही शाखा उतरली. मग गावात येणारे पाहुणे विचारू लागले, आम्हालाही नेता का? सुतारकाम चालूच राहिलं आणि त्याच्या शेजारी दुसरा धंदा उभा राहू लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याचं रूपच पालटलं. सैन्याचं उरलेलं सामान स्वस्तात विकायला निघालं, त्यात रबरी राफ्ट होत्या, आणि तरंगते पूल उभारायला वापरायचे ते लांबलचक हवेचे पाँटून. लाकडी होडी खडकावर आपटली की फळी तुटते. रबर आपटून उसळतं आणि पुढे जातं. एका होडीत दोघं-तिघं मावायचे, तिथे आता दहा-बारा माणसं, त्यांचे तंबू, आठवड्याचा शिधा, सगळं मावू लागलं. पुढे ग्रँड कॅन्यनसाठी त्या पाँटूनच्या मागे मोटर बसली. पण शेवटी वळण घ्यायचं, ते पाणी ओळखूनच.

[पडद्यावर: दोन नद्यांचा संगम. मध्ये उभा प्रचंड कडा.]

हे एको पार्क. इथे यॅम्पा नदी ग्रीनला मिळते. समोरच्या कड्याला स्टीमबोट रॉक म्हणतात, खरंच जहाजाच्या नाळेसारखा दिसतो. ही सगळी जागा डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंटच्या हद्दीत आहे, म्हणजे कायद्यानं राखलेली. आणि 1950 च्या सुमाराला सरकारनं इथेच, संगमाच्या थोडं खाली, पाचशे फुटांहून उंच धरण बांधायचं ठरवलं.

वर्नलमध्ये बहुतेकांना हे धरण हवं होतं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. कोरड्या मुलखातलं गाव, पाणी येणार, रस्ते येणार, हाताला काम मिळणार. पण याच गावात एक घर असं होतं, ज्याची रोजी त्या वाहत्या पाण्यावर होती.

बस हॅच भाषण करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी माणसं होडीत बसवली. 1953 च्या उन्हाळ्यात निसर्ग राखण्यासाठी झटणाऱ्या सिएरा क्लबचे सभासद वर्नलला आले. या संस्थेच्या सहली हॅच यांच्या राफ्टमधून लोडोर आणि यॅम्पाच्या घळींतून निघाल्या. या सहलींमध्ये लहान मुलं होती, आजीआजोबा होते. या नद्या जीवघेण्या आहेत, कुणी तिथे जात नाही, मग बुडाल्या तर बिघडलं काय, असा धरणवाल्यांचा एक मुद्दा होता. तो मुद्दा या मुलांनी आणि आजीआजोबांनी राफ्टमध्ये बसून खोडून काढला. डॉन आणि टेड, बस यांची मुलं, तोवर वल्हं हातात घेऊन उभी होती.

पुढे वॉशिंग्टनमध्ये सिएरा क्लबच्या डेव्हिड ब्रॉवर यांनी जलाशयातल्या बाष्पीभवनाच्या सरकारी हिशोबातल्या चुका फळ्यावर मांडून दाखवल्या. देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. 1956 च्या कायद्यात एको पार्कचं धरण नव्हतं.

पण त्याच कायद्यात दुसरी धरणं होती. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन. आणि ग्रीन नदीवर, एको पार्कच्या वरच्या अंगाला, फ्लेमिंग गॉर्ज. बस हॅच ज्या घळीत वल्हवायला शिकले, त्या रेड कॅन्यनचा बराचसा भाग फ्लेमिंग गॉर्जच्या जलाशयाखाली गेला. एक घळ वाचली आणि एक गेली. हॅच घराण्यानं हे दोन्ही पाहिलं.

आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला गेलेले पुष्कळजण हे निवेदन ऐकत असतील. सकाळी काठावर लाइफ जॅकेट घालून उभं राहायचं, पाणी सुटायची वाट बघायची. मी उभा राहिलोय तसा. पात्रातले दगड उघडे असतात, आणि मग बघता बघता एकेक दगड पाण्याखाली जातो. ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं. आणि भिऱ्याला ते येतं मुळशीच्या धरणातून, ज्याच्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांसोबत मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. आपण ज्या लाटेवर ओरडतो, हसतो, त्या लाटेच्या उगमाशी बुडालेली गावं आहेत. हे ठाऊक असावं, एवढंच म्हणतो.

ग्रँड कॅन्यनमध्येही आता तसंच आहे. वरच्या अंगाच्या ग्लेन कॅन्यन धरणातून पाणी सुटतं ते दूरच्या शहरांना वीज किती लागते त्यावर. त्यामुळे समुद्र नसलेल्या नदीला भरती-ओहोटी आली. रात्री काठाला नीट बांधलेली राफ्ट सकाळी पाहावी तर वाळूवर कोरडी. टनभर सामानासकट ती ढकलायची कुणी? म्हणून हॅचच्या नावाड्यांना नदीबरोबर आता धरणाचं वेळापत्रकही पाठ करावं लागलं.

1956 साली बस आणि डॉन हॅच फार लांब गेले, काराकोरमच्या डोंगरांत, सिंधू नदीवर. सिनेरामाच्या भव्य पडद्यासाठी चित्रीकरण होतं. हिमनद्यांचं बर्फगार, राखाडी पाणी. त्या मोहिमेत त्यांच्या चमूतला एकजण बुडाला. सिंधू आपल्या किती जवळची, आपल्या देशाला नाव देणारी नदी. वर्नलच्या सुतारानं तिच्यावर एक माणूस गमावला, हे मला हा अभ्यास करेपर्यंत माहीत नव्हतं.

[पडद्यावर: यॅम्पा. उन्हात शांत वाहणारं पाणी. मग अचानक खळाळ.]

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा माहितीपट करावासा वाटला.

यॅम्पाच्या पात्रात वॉर्म स्प्रिंग्ज नावाची जागा आहे. हॅचच्या नावाड्यांनी तिथून किती खेपा केल्या असतील याला गणती नाही. साधं पाणी होतं. जून 1965 मध्ये एके रात्री मुसळधार पाऊस झाला. बाजूच्या नाल्यातून चिखल आणि घराएवढे दगड नदीत आले. सकाळी तिथे एक नवा रॅपिड, म्हणजे खडकांमधून उसळणारा खळाळ, होता. कुठल्या नकाशात नाही, कुणाच्या आठवणीत नाही.

खाली येणाऱ्या हॅचच्या नावाड्यांना हे कसं कळणार? वळण आलं आणि समोर पाणी दिसेनासं झालं. पुढे नदी जिथे खाली पडते, तिथे पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि त्या रेघेपलीकडून तुषार उडताना दिसतात. नावाडी ती रेघ दुरून ओळखतो, काठाला लागतो, उतरून चालत जाऊन बघतो. पण काल जिथे रेघ नव्हती तिथे आज कोण शोधेल? त्यात हॅचचा एक नावाडी गेला.

तेव्हापासून वॉर्म स्प्रिंग्जला उतरून पाहिल्याशिवाय शहाणा नावाडी जात नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ग्रँड कॅन्यनमध्ये असाच पूर आला आणि क्रिस्टल रॅपिड एका फटक्यात भयंकर होऊन बसला. ज्या विद्येवर घर चालतं ती विद्या नदी रातोरात जुनी करून टाकते. म्हणून या घरात मुलांना रॅपिडची नावं शिकवून भागत नाही. बघायला शिकवावं लागतं. पाण्याची गुळगुळीत जीभ कुठे आहे, ती कुठल्या अंगाला झुकते, बुडालेल्या दगडामागचं पाणी उलटं कसं फिरतं, ते राफ्टला धरून ठेवेल की सोडेल.

बस हॅच 1967 साली गेले. डॉननं वर्नलकडच्या नद्या सांभाळल्या, टेडनं ग्रँड कॅन्यन. त्याच वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी कुटुंबकबिल्यासह टेडच्या राफ्टमधून ग्रँड कॅन्यन उतरले, आणि मग गर्दी थांबेना. 1955 साली अख्ख्या वर्षात 70 माणसं ग्रँड कॅन्यनमधून होडीनं गेली होती. 1972 साली 16,432. तेव्हा राष्ट्रीय उद्यानाला संख्येवर मर्यादा घालावी लागली.

1983 च्या उन्हाळ्यात बर्फ उशिरा आणि एकदम वितळलं. ग्लेन कॅन्यनचं धरण काठोकाठ भरलं. पाणी वरून जाऊ नये म्हणून दरवाजांवर प्लायवुडच्या फळ्या ठोकल्या गेल्या आणि खाली नव्वद हजार क्युसेकच्या वर विसर्ग सुरू झाला. क्रिस्टलमध्ये पाँटूनसारख्या अवजड राफ्टही उलटल्या. धरण झाल्यापासून नदी ताब्यात आहे असं जे मानत होते, त्यांनी त्या उन्हाळ्यात तिचं जुनं रूप पाहिलं. हॅच घराण्याची तिसरी पिढीही वल्ह्यावर आली.

[पडद्यावर: पुन्हा एको पार्क. जूनची सकाळ.]

डावीकडून ग्रीन येते. फ्लेमिंग गॉर्जच्या धरणातून सुटलेली, गार आणि हिरवट. उजवीकडून यॅम्पा. तिच्या मुख्य पात्रावर मोठं धरण नाही, म्हणून डोंगरातलं बर्फ वितळलं की ती गढूळ, तांबूस होऊन फुगून येते. स्टीमबोट रॉकच्या पायथ्याशी दोन्ही पाणी लगेच मिसळत नाही. बराच वेळ शेजारी शेजारी चालतं, मध्ये एक शिवण.

एक राफ्ट त्या शिवणीवर येते. नावाडी वल्ही पाण्याबाहेर उचलून धरतो. पुढे बसलेली मुलगी वाकून एक हात गार पाण्यात घालते आणि दुसरा कोमट पाण्यात.