शॉइख्त्सर यांना हसणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी! जीवाश्मांचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली कमेंट ठरलेली: "तोच ना तो स्विस, ज्याला सॅलॅमॅंडर आणि माणूस यातला फरक कळला नाही?" मला हे वाचून वाईट वाटतं. म्हणून आज फक्त योहान याकोब शॉइख्त्सर.

ओळख पटकन. जन्म १६७२, झुरिक. पेशाने डॉक्टर. आल्प्स पालथा घातला, १७१२ मध्ये स्वित्झर्लंडचा मोठा नकाशा काढला. १७२६ मध्ये कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या ओनिंगेनच्या खाणीतला सांगाडा त्यांनी 'बायबलमधल्या महाप्रलयात बुडालेला माणूस' म्हणून जाहीर केला. निघाला राक्षसी सॅलॅमॅंडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी.

आता इथे थांबा. त्या दगडात दिसत काय होतं? कवटी आणि मणक्यांची रांग. पुढचे पाय दगडात गाडलेले! १८११ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी नेदरलँड्समधल्या हार्लेमला, जिथे तो दगड होता, जाऊन तो कोरला, तेव्हा ते बाहेर आले. म्हणजे ८५ वर्षांनी.

दुसऱ्या बाजूने बघा. मधल्या काळात गेसनर आणि काम्पर या अभ्यासकांनीही तो दगड तपासला. गेसनर यांना त्यात मासा दिसला, काम्पर यांना सरडा. तेही चुकले, पण त्यांना कुणी हसत नाही.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. परवा एका ताईंनी दगडावर उमटलेल्या 'फर्न'चा फोटो पाठवला. ताई, ती वनस्पती नाही, भेगेत साचलेल्या मँगनीजच्या खनिजाची नक्षी आहे. त्या काळी हीच तर शंका होती: दगड आपणहून झाडासारखी नक्षी काढतो, तर माशासारखी का नाही काढणार? शॉइख्त्सर स्वतः आधी तेच मानायचे. हे प्रलयात मेलेल्या जीवांचे अवशेष आहेत म्हणणाऱ्या इंग्लंडच्या वुडवर्ड या अभ्यासकाचं लिखाण वाचून त्यांनी मत बदललं, त्याचं पुस्तक लॅटिनमध्ये आणलं आणि १७०८ मध्ये एक अफलातून पुस्तिका काढली. तिच्यात दगडातले मासेच तक्रार करतात, की आम्ही खरेखुरे मासे आहोत! पुढच्याच वर्षी जीवाश्म वनस्पतींचा चित्रसंग्रह. दगडातला आकार म्हणजे कधीकाळी जिवंत असलेल्या जीवाचे अवशेष, हे लोकांना पटवण्यात या माणसाने वर्षं घातली. प्रलय हे कारण चुकलं, प्राणी चुकला. हा मुद्दा मात्र बरोबर होता.

प्राण्याचं नाव आज आंद्रियास शॉइख्त्सेरी आहे आणि तो दगड हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये आहे. स्क्रीनवर फोटो लावतेय. आधी पुढचे पाय हाताने झाका, मग कमेंट लिहा.