शनीच्या फोटोत कलर नासानं भरलाय काय? मिरची घेऊन सांगतो

नमस्कार मंडळी. मागं शनीच्या कड्यांचा व्हिडिओ टाकला, त्याखाली फिरून फिरून एकच प्रश्न. "सर, ओरिजिनल फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत म्हणे, मग कलर नासानं भरलाय काय ओ?" निपाणीचे, खानापूरचे, सगळे तेच विचारालेत. म्हणून आज नुसतं तेवढंच.

शनीकडं पाठवलेलं नासाचं कॅसिनी यान तुम्हाला माहीत आहेच, हे फोटो त्याचेच. १९९७ ला सुटलं, २००४ ला पोचलं, १५ सप्टेंबर २०१७ ला शनीतच सोडून दिलं. साडेचार लाखांवर फोटो. दोन कॅमेरे, एक लांबचं जवळ आणणारा आणि एक रुंद दाखवणारा, दोन्हीचा सेन्सर १०२४ बाय १०२४, म्हणजे जेमतेम एक मेगापिक्सेल. कॅमेऱ्याला मान वळवायची सोय नव्हती, फोटो काढायचा तर अख्खं यान वळवायचं.

आता मुद्दा. तो सेन्सर उजेड किती पडला एवढंच मोजतो, रंग त्याला कळत नाही. रंगासाठी पुढं फिल्टरची, म्हणजे ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडणाऱ्या काचांची, चाकं होती, एकाला २४ फिल्टर, दुसऱ्याला १८. लाल फिल्टर आणला, एक फोटो. हिरवा, एक फोटो. निळा, एक. तिन्ही पृथ्वीवर पाठवायचे आणि इथं एकावर एक बसवायचे. रंग भरलेला नाही, मोजलेला आहे.

हे बघा, टेबलावर संकेश्वरी मिरची ठेवलीय आणि शेजारी कढीपत्त्याची काडी. मोबाइल मोनोवर, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटवर टाकला. आकाशकंदिलाला लावतो तो लाल जिलेटीन पेपर लेन्सपुढं धरतो. मिरची उजळ आली, पान काळपट पडलं. आता हिरवा कागद. मिरची काळीठिक्कर, पान उजळ. दोन्ही फोटो ब्लॅक अँड व्हाइटच, पण मिरची लाल आणि पान हिरवं हे त्यात आलंय की नाही? मी रंगवलं काय कुठं?

तरी पटलं नसेल तर लग्नपत्रिका काढा घरातली. चार रंगांच्या चार प्लेटी, एकावर एक छपाई. आमच्या ताईच्या पत्रिकेत शहापूरच्या एका प्रेसमध्ये कलर हलला, गणपतीच्या मुकुटाला बाजूनं लाल रेघ आली, पाचशे पत्रिका तशाच वाटल्या आणि आई अजून ते बोलते. पण त्या रेघेमुळंच मला लहानपणी कळलं की रंग वेगवेगळे येऊन एका जागी बसतात.

आणि तुमचा मोबाइल? त्याचाही सेन्सर रंगआंधळाच. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा नाहीतर निळा असा बारका फिल्टर चिकटवलेला असतो, उरलेले दोन रंग फोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं काढतो. कॅसिनीत तसं केलं असतं तर दर चार पिक्सेलला एकच लाल मिळाला असता. शनीपर्यंत जायला सात वर्षं लागली, तिथं जाऊन अंदाज कशाला लावायचा? म्हणून प्रत्येक रंगाला पूर्ण सेन्सर दिला.

एकानं स्क्रीनशॉट पाठवला, कड्यांजवळ लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके, खाली लिहिलंय "एडिटिंगची चूक पकडली". भावा, तो शनीचा एक चंद्र आहे, एकच आहे. लाल फोटो काढून निळा काढेपर्यंत तो पुढं सरकला, यानही सरकलं. मुकुटाची रेघ आठवा. रंग हातानं भरला असता तर तीन ठिपके आलेच नसते.

आता हेही सांगतो, काही फोटोंत खरंच डोळ्याला दिसतो तसा रंग नसतो. इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे, फिल्टर लावून ढग किती उंचीवर आहेत ते बघतात आणि त्याला लाल-हिरवा देतात. त्याला फॉल्स कलर म्हणतात, फोटोखाली तसं लिहिलेलं असतं. ती ओळ कापून फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांचा मला राग येतो, सगळा घोळ तिथनं सुरू होतो.

१९ जुलै २०१३ चा फोटो स्क्रीनवर लावतो. सूर्य शनीच्या मागं आहे, कडी उजळलीत, आणि खाली उजवीकडं हा ठिपका, १४४ कोटी किलोमीटरवरून आपली पृथ्वी. आपल्याकडं तेव्हा २० तारखेच्या पहाटेचे तीन वाजत होते, बेळगाव झोपेत. हा ठिपका निळा दिसतोय ना, तो निळासुद्धा त्याच तीन फिल्टरांतून आलाय.